आउटपुट फोल्डरचे वॉर्डनसाहेब

माझ्या घरी हा किस्सा निघाला की बायको कुकर लावायला उठते. मुलगी चार्जर शोधायला जाते. उरतो एक मेहुणा. तो शेवटपर्यंत ऐकतो, कारण त्याला आमच्याकडे जेवायचं असतं. म्हणून यावेळी लिहूनच काढतो. वाचता वाचता कोणी उठून गेलं, तर निदान मला दिसणार नाही.

किस्सा फोल्डरचा आहे. आता फोल्डरमध्ये सांगण्यासारखं काय असतं, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. मग मला वॉर्डनसाहेब भेटले.

गोंदियात एका राइस मिलच्या रिकाम्या गोदामावर एक हॉल होता आणि त्या हॉलमध्ये सिनेमातल्या तारा पुसायचं काम चालायचं. पडद्यावर नट उडतो, नटी उडते, ते तुम्ही पाहिलं असेल. खरं तर त्यांना कमरेला तारा बांधून क्रेननं उचललेलं असतं. त्या तारा नंतर कॉम्प्युटरवर एकेका चित्रातून पुसाव्या लागतात आणि तारेमागं जे आभाळ, डोंगर, झाड असेल ते पुन्हा भरावं लागतं. सेकंदाला चोवीस चित्रं. एका चित्राला फ्रेम म्हणतात, आणि या सगळ्या उद्योगाला कंपोझिटिंग. आम्ही मात्र गावात हा शब्द वापरत नव्हतो. मी एकदा शेजाऱ्याला प्रामाणिकपणे सांगितलं, की मी तारा काढायचं काम करतो, तर तो त्याच्या मीटरचं काम घेऊन आला.

हॉलचे मालक, मॅनेजर, चौकीदार आणि चहा सांगणारे, सगळं एकच गृहस्थ. उमेदीची वर्षं त्यांनी सालेकशाच्या बाजूला एका मुलांच्या वसतिगृहात वॉर्डन म्हणून काढली होती, म्हणून आम्ही त्यांना वॉर्डनसाहेब म्हणायचो. हॉल सुरू केला होता त्यांच्या भाच्यानं. भाचा हैदराबादेत हे काम शिकून आला, जिल्ह्यातली पोरं-पोरी गोळा केली, शिकवली, आणि मग त्याला परदेशात नोकरी लागली. जाताना म्हणाला, मामा, हॉल बंद करून टाका, मशिनी विकून टाका. मामा कुलूप घेऊन आले. आत पोरं मान खाली घालून काम करत होती. मामांनी विचारलं, जेवले का? पोरं म्हणाली, नाही. झालं. कुलूप पुन्हा पिशवीत गेलं ते गेलंच.

तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. माउस त्यांनी पहिल्यांदा धरला तो टीव्हीच्या रिमोटसारखा, पडद्याकडे रोखून. ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे, आणि हसण्यात सगळ्यांत पुढं तेच असायचे.

मी तिथं कसा गेलो, तर माझा धंदा बसला म्हणून. स्टेशन रोडला माझं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. नवरीचा चेहरा गुलाबात, नवरदेव धबधब्यातून वर, दोघं मिळून ताजमहालावर तरंगतात, ही माझी कला. जिल्ह्यातली कितीतरी जोडपी मी ताजमहालावर चढवली. पुढं लोकांच्या हातात स्वतःचे कॅमेरे आले, स्वस्तात मिक्सिंग करणारे आले, आणि ताजमहाल ओस पडला. मी वॉर्डनसाहेबांकडे काम मागायला गेलो. त्यांनी मला काय येतं ते विचारलंच नाही. विचारलं, "कुठं बसशील?"

मी नम्रपणे म्हटलं, कुठंही बसेन साहेब.

"कुठंबी म्हणजे कुठं गा? जागा सांग."

मी गडबडलो. मग त्यांनीच एका रिकाम्या टेबलाकडे बोट केलं. टेबल पुसलेलं, खुर्ची लावलेली, वर पाण्याची बाटली. वाटलं, कोणी रजेवर असेल. नंतर कळलं, की ती येणाऱ्याची खुर्ची होती. हॉलमध्ये कितीही माणसं असोत, एक खुर्ची जास्त असायचीच. मी बसलो त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या घरून आणखी एक खुर्ची सायकलवर बांधून आणली. चहाचंही तसंच. माणसं असतील त्याच्यापेक्षा एक कप जास्त सांगायचे. कोणी आलं तर त्याचा, नाही आलं तर कप थंड होऊन जायचा, पण कप हवा. वीजबिल द्यायला आलेला माणूससुद्धा आमच्याकडे गरम चहा पिऊन जायचा आणि त्याला वाटायचं, हे लोक आपली वाटच पाहून राहिले होते.

वसतिगृहाची सवय त्यांच्या अंगात अशी मुरलेली, की फ्रेमना ते पोट्टे म्हणायचे. शॉट म्हणजे खोली, फ्रेम म्हणजे खोलीतले पोट्टे. काम पूर्ण झालं, की मशीन त्या सगळ्या फ्रेम तयार करून बाहेर काढतं, त्याला रेंडर म्हणतात. रेंडर झालं की वॉर्डनसाहेब मागं येऊन उभे राहायचे आणि हजेरी घ्यायचे. पहिली फ्रेम, शेवटची फ्रेम, मधली एकही गळालेली नाही ना. सगळे हजर असले की वसतिगृहातून आणलेली जेवणाची पितळी घंटा एकदा वाजवायची. त्या घंटेसाठी आम्ही जीव टाकायचो. मी चाळिशीकडे झुकलेला बाप्या, दोन लेकरांचा बाप, आणि घंटा वाजली की मी शाळेतल्या पोरासारखा हात झटकून उभा राहायचो.

एकदा माझ्या शॉटमध्ये एक फ्रेम कमी निघाली. मी म्हटलं, साहेब, एका सेकंदाचा चोविसावा भाग, कोणाला दिसणार आहे?

ते म्हणाले, "पोट्टं कमी असलं तं मायले समजते."

आणि घंटा घेऊन निघून गेले. मी मुकाट्यानं रेंडर पुन्हा लावलं.

आता फोल्डर. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही काम करायचो, त्यात शेवटी पडद्यावर एक चौकोनी डबा जोडायचा असतो. फ्रेम कुठं ठेवायच्या, ते त्या डब्यात लिहायचं. फोल्डर आधीपासून असेल तर सगळं ठीक. नसेल, तर ते सॉफ्टवेअर फोल्डर करत नाही. लाल अक्षरांत सांगतं, की अशी जागा नाही, आणि तिथंच थांबतं. म्हणजे प्रत्येकानं रेंडरच्या आधी हातानं फोल्डर करायचं. आणि फोल्डरला नाव कोण कसं देईल! माझी नावं होती फायनल, फायनल नवीन, फायनल खरं. शेजारच्या पोरानं एका फोल्डरला त्याच्या होणाऱ्या बायकोचं नाव दिलं होतं. लग्न मोडल्यावर त्यानं ते फोल्डर उघडायचंच बंद केलं, आणि शॉट आत अडकला.

वॉर्डनसाहेबांचा राग मात्र आमच्या नावांवर नव्हता. राग त्या लाल अक्षरांवर होता. ती दिसली की ते वर्गात शिवी ऐकल्यासारखे ताठ व्हायचे. "दारात उभे आहेत पोट्टे अन् हा म्हणते जागा नाही. करून दे ना बाप्पा. तुले कोन्तं ओझं उचलाचं आहे?"

मी समजावलं, की साहेब, सॉफ्टवेअर आहे, त्याला काय कळतं.

सुषमानं मात्र मला डोळ्यांनी थांबवलं. सुषमा ही आमच्यातली सर्वांत तरबेज. नवेगाव बांधची. वडील तलावावर मासेमारी करायचे, आणि ही इथं केसाएवढी तार नजरेनं पकडायची. वॉर्डनसाहेबांचं गावाकडचं घर तिच्या मामाच्या शेजारी, त्यामुळे तिला ठाऊक होतं. तिनं मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. शिकायला म्हणून साहेब तरुणपणी नागपूरला गेले तेव्हा खोली शोधत फिरले. पाटी लागलेली असायची, खोली भाड्यानं देणे आहे. घरमालक आत बोलवायचा, खोली दाखवायचा, पाणी द्यायचा, आणि मग आडनाव विचारायचा. आडनाव ऐकलं की खोली पुतण्याला दिलेली निघायची. असं किती दारांत झालं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. शेवटी एका विहारात पथारी टाकून ते शिकले. पुढं वसतिगृहात मंजुरीपेक्षा जास्त पोरं घ्यायचे, व्हरांड्यात झोपवायचे, तपासणी आली की बोलणी खायचे. एकदा वरून हुकूम आला, की जास्तीची पोरं आजच्या आज काढा. त्यांनी पोरं नाही काढली. स्वतः निघाले.

त्यानंतर मी त्यांना सॉफ्टवेअरला काय कळतं, असं कधी म्हटलं नाही.

मग त्यांनी ठरवलं, की आपणच त्याला शिकवायचं. त्या सॉफ्टवेअरमध्ये पायथन नावाच्या भाषेत छोट्या सूचना लिहिता येतात, त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस पायथन शिकायला बसला. भाच्याला परदेशात फोन. सुषमाला सकाळी लवकर बोलावून शिकवणी. छापून आणलेल्या कागदांवर लाल पेन. पायथनमध्ये ओळी आत सरकवून नीट मांडाव्या लागतात, एक जरी वाकडी बसली तर भाषा चालत नाही. हे कळल्यावर तर ते प्रेमातच पडले. "सतरंजीवर बसवल्यासारख्या," असं म्हणत ओळींवरून बोट फिरवायचे.

कल्पना साधी. रेंडरचं बटण दाबलं, की पहिली फ्रेम निघायच्या आधी स्क्रिप्टनं जाऊन बघायचं, फोल्डर आहे का. नसेल तर करायचं. सिनेमाचं नाव, आत शॉटचा नंबर, आत कितव्यांदा केलं तो आकडा. सगळं आपोआप, सगळ्यांचं एकसारखं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा चालवलं तेव्हा फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर, असं खोलवर जाऊन मशीन अडकलं. आम्ही पोटभर हसलो. ते म्हणाले, "हसा. उत्साही आहे पोरगं."

आणि एका दुपारी ते चाललं. मी बटण दाबलं, मध्ये काही लाल नाही, काही विचारणं नाही, सर्व्हरवर फोल्डर टपकन उगवलं आणि फ्रेम एकामागून एक आत जाऊन बसू लागल्या. खाली रोमन अक्षरांत एक ओळ उमटली. ती त्यांनी स्वतः घातली होती: तुमची जागा झाली आहे, बसा.

मी सांगतो, मी आयुष्यात ताजमहालावर एवढी माणसं चढवली, पण त्या ओळीएवढा आनंद मला कशानं झाला नाही. हॉलभर प्रत्येकानं आपापलं रेंडर लावलं, कोणाचा शॉट पुरा नसला तरी लावलं, फक्त ती ओळ बघायला. साहेबांनी घंटा इतकी वाजवली, की खालच्या मिलमधले हमाल सुट्टी झाली समजून बाहेर आले.

आता मुंबईच्या एका कंपनीकडून आम्हाला परीक्षेचं काम आलं होतं, त्याच्याकडे येतो. मोठा सिनेमा, राजकन्या बुरुजावरून उडी मारून हत्तीवर उतरते. थोडे शॉट त्यांनी आम्हाला करून बघायला दिले. वेळेत आणि नीट पोचले, तर अख्खं युद्ध आमचं. नाही पोचले, तर खेळ संपला, कारण मिलमालकानं सांगूनच टाकलं होतं, की काम नसेल तर या महिन्यात हॉल खाली करा, मला बारदान ठेवायचं आहे. पोरं आपापल्या गावी जातील. आणि त्यांना घरी पाठवायचं काम वॉर्डनसाहेबांनाच करावं लागेल.  त्या आठवड्यात ते चहा घेत नव्हते, कप तसाच ठेवून द्यायचे.

फ्रेम एवढ्या जड, की आमच्या इंटरनेटवरून पाठवायच्या म्हटल्या तर सिनेमा उतरून गेला असता. म्हणून हार्ड डिस्क घेऊन मी दुपारच्या मुंबईच्या गाडीनं जायचं ठरलं. ती गाडी गोंदियाहूनच सुटते, त्यामुळे उशीर व्हायला तिच्याकडे काही कारणच नसतं.

त्या दिवशी सकाळी विजेची लाइन गेली. ही काही बातमी नव्हे, लाइन जायचीच. लाइन आली, सगळ्यांनी आपापली मशीन सुरू केली, शेवटची रेंडर लावली. सामान, म्हणजे मुंबईहून आलेल्या मूळ फ्रेम, प्रत्येकाच्या मशीनमध्ये होतं. तयार झालेल्या फ्रेम मात्र कोपऱ्यातल्या सर्व्हरवर जायच्या. सर्व्हर म्हणजे सगळ्यांचं सामायिक कोठार. तो म्हातारा होता, सुरू व्हायला फार वेळ घ्यायचा. पण तुमची जागा झाली आहे, बसा, ही ओळ प्रत्येकाच्या पडद्यावर उमटली, आणि आम्ही निवांत बसलो. जेवणाच्या आधी सगळी रेंडर पूर्ण. पोरं घंटेकडे बघू लागली.

वॉर्डनसाहेब हजेरीला सर्व्हरपाशी बसले. यादी वरून खाली आणि खालून वर पाहिली. मग त्यांनी हळूच विचारलं, "आजचे पोट्टे कुठं आहेत?"

सर्व्हरवर आजचं काहीच नव्हतं. जुनं काम होतं, कालचं होतं. आजचं एकही फोल्डर नाही, एकही फ्रेम नाही. प्रत्येक मशीन सांगत होतं, की काम पूर्ण झालं. सर्व्हर म्हणत होता, माझ्याकडे कोणी आलंच नाही.

हॉलमध्ये एकदम कालवा झाला. पुन्हा रेंडर लावावं, तर ते संपेपर्यंत संध्याकाळ होणार आणि गाडी तीनच्या सुमाराला. एकजण म्हणाला, मुंबईला फोन करून उद्याची मुदत मागू. सुषमा म्हणाली, ते आपल्याला उद्याची मुदत देतील आणि काम दुसऱ्याला. त्यात माझ्या मशीननं भर घातली. पडद्यावर सूचना आली, की डिस्क भरली आहे. मी ओशाळलो. माझ्या मशीनमध्ये मी चोरून जुन्या लग्नांचे व्हिडिओ ठेवले होते. सगळ्यांसमोर मी म्हटलं, थांबा, मी दोन-चार नवरदेव पुसून टाकतो.

साहेब झटक्यात वळले. "हात नको लावू. काल भरली होती का?"

म्हटलं, नाही, काल तर बरीच मोकळी होती.

ते माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. डोळे मिटले. मला वाटलं, यांना चक्कर येऊन राहिली. पण ते वसतिगृहात गेले होते. डोळे न उघडताच म्हणाले, "ताटं उष्टी आहेत, म्हणजे जेवणारे आले होते. आले, जेवले, अन् दिसून नाही राहिले. म्हणजे इथंच कुठं लपून बसले आहेत."

मग ते सुषमाशी बोलू लागले, भराभर, निम्मं आमच्याकडच्या झाडी बोलीत आणि निम्मं पायथनमध्ये, आणि बोलता बोलता दोघांचे चेहरे बदलत गेले. आमच्या प्रत्येक मशीनमध्ये सर्व्हरकडे जायचा एक दरवाजा असतो, म्हणजे एक रिकामं फोल्डर. सर्व्हर सुरू असला की तो त्या दरवाजाला येऊन जोडला जातो, आणि आत गेलं की कोठार दिसतं. सकाळी मशीन सुरू झाली तेव्हा म्हातारा सर्व्हर उठलाच नव्हता. दरवाजा होता, मागं कोठार नव्हतं. कोणतंही शहाणं सॉफ्टवेअर तिथं लाल अक्षरांत ओरडलं असतं. पण आमच्या स्क्रिप्टला नाही म्हणणं शिकवलेलंच नव्हतं. पाहुणे दारात आलेले पाहून तिनं दाराबाहेरच्या उघड्या अंगणात, म्हणजे ज्याच्या त्याच्या मशीनमध्येच, हुबेहूब तशाच खोल्या बांधल्या, आणि सगळ्यांना म्हटलं, बसा. नंतर सर्व्हर उठला, येऊन दरवाजाला जोडला गेला, आणि अंगण त्याच्यामागं झाकलं गेलं.

"सर्व्हर बंद करा," वॉर्डनसाहेब म्हणाले.

 ज्या दिवशी सगळं काम द्यायचं, त्या दिवशी आपल्या हातानं कोठार बंद करायचं? आत आहे तेवढंही गेलं तर? मी तसं म्हणालोही.

"पोट्टे मांगं उभे आहेत. तो बाजूले होईन तवाच दिसतीन ना?"

आणि वाट न पाहता ते स्वतः कोपऱ्यात गेले. सर्व्हरच्या पाठीवर हात ठेवला, जसा झोपलेल्या माणसाला उठवताना ठेवतात, आणि सुषमाला खूण केली. तिनं त्याला रीतसर बंद केलं. पंख्याची घरघर उतरत गेली, थांबली. मी माझ्या मशीनवर तो दरवाजा उघडला.

आत फोल्डर होतं. सिनेमाचं नाव, शॉटचा नंबर, आकडा. आत ओळीनं बसलेल्या फ्रेम, पहिलीपासून शेवटपर्यंत.

मी ओरडलो की काय ते मला आठवत नाही. सुषमा सांगते, की मी फक्त "आहेत, आहेत, आहेत" असं म्हणत राहिलो. शेजारून आवाज आला, माझ्याकडंही आहेत. मग पलीकडून. पोरं खुर्च्या सोडून उड्या मारत होती. साहेब एकटेच शांत. ते म्हणाले, हजेरी झाल्याशिवाय कोणी नाचायचं नाही. आणि तशा धांदलीत, घड्याळ पळत असताना, त्यांनी प्रत्येक मशीनमागं उभं राहून हजेरी घेतली. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हार्ड डिस्क जात होती, फ्रेम उतरत होत्या, पडद्यावरची पट्टी पुढं सरकत होती, आणि मी बूट घालून दारात तयार. शेवटच्या टेबलावर पट्टी अशी सरकत होती, की माझी सासूसुद्धा याहून लवकर निघाली असती.

स्टेशनवर मला सुषमानं स्कुटीवर नेलं. मी मागं, हार्ड डिस्क पोटाशी धरून, गरोदर बाईसारखा अवघडून. गाडी हलली तेव्हा माझा एक पाय फलाटावर होता. आत चढलो, आणि एका काकूंनी विचारलं, त्या पोटाशी धरलेल्या डब्यात काय आहे? मी म्हटलं, पोट्टे आहेत. त्यांनी आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

मुंबईहून फोन आला तेव्हा मी अजून मुंबईतच होतो, पण हॉलमधलं मला सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलं आहे, की मी तिथं असल्यासारखंच सांगतो. कंपनीचा माणूस हिंदीत म्हणाला, की काम फार सफाईचं आहे, युद्धाचे सगळे शॉट तुम्हालाच पाठवतो, माणसं आहेत ना? वॉर्डनसाहेबांनी त्याचं कौतुक ऐकलंच नाही. त्यांनी विचारलं, "सब बच्चे पहुँच गए ना?" त्या माणसाला काय कळलं कोण जाणे. हो म्हणाला. तेव्हा कुठं त्यांनी समोरचा चहाचा कप उचलला.

मग राहिली स्क्रिप्ट. सुषमानं सांगितलं, की साहेब, सर्व्हर नसेल तर हिला थांबवायला पाहिजे. साहेबांना पटत होतं, पण हात धजत नव्हता. कित्येक दिवस ते त्या एका ओळीपाशी बसून असायचे. मी म्हटलं, एवढं काय त्यात, सर्व्हर नाही, असं लिहून टाका. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी पाणी प्यायला गेलो. शेवटी त्यांनी लिहिलं. सर्व्हर नसेल तर आमची स्क्रिप्ट नाही म्हणत नव्हती. ती थांबायची, आणि थोड्या थोड्या वेळानं एकच ओळ उमटवत राहायची: घर येऊन राहिलं आहे, थांबा. आणि सर्व्हर आला की आपणहून पुढं सुरू व्हायची. मुंबईच्या कंपनीनं पुढं ती मागून घेतली. तिथं मोठमोठ्या पगाराची माणसं ती ओळ वाचून बसून राहत असतील, आणि एकालाही झाडी येत नसेल, याची मला फार मौज वाटते.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे टॉकीजला गेलो. बायको होती, मुलं होती, सुषमाचे वडील नवेगावहून आले होते. वॉर्डनसाहेब इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, मधल्या खुर्चीत. राजकन्या बुरुजावर आली आणि आमची अख्खी रांग पुढं सरकली. तिनं उडी मारली. आभाळ, डोंगर, हत्ती. जेमतेम चार सेकंद. आणि वॉर्डनसाहेब उभे राहिले.

मागचा माणूस म्हणाला, बाबूजी, बैठो ना.

ते त्याच्याकडं वळले. पडद्याकडं बोट करून, अख्ख्या टॉकीजला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भैया, उधर तार था."

"कहाँ तार था?"

"उसकी कमर में. मोटा तार."

"कोई तार-वार नहीं था जी," तो माणूस वैतागून म्हणाला, "हमने आँख फाड़ के देखा है."

 वॉर्डनसाहेबांनी खुर्चीवरून वाकून त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि जोरजोरात हलवला. तो बिचारा हात सोडवायला बघत होता. पडद्यावर लढाई सुरू झाली होती, तीही आमचीच होती, पण आमच्या रांगेत कोणी पडद्याकडं बघत नव्हतं. खाली बसल्यावर साहेब माझ्या कानाशी आले.

"नव्हतीच म्हणते गा तो," ते म्हणाले, आणि पुढचा सगळा सिनेमा मागं वळून वळून त्याच माणसाकडं बघत राहिले.